भावाची हळद आणि माझे ठिपके

माझं डोकं आधी तापतं आणि मग चालायला लागतं, हे आमच्या घरात, गल्लीत आणि प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे आईने भर जेवणात माझ्या पीएच.डी.ची आणि माझ्या लग्नाची एकाच वाक्यात गाठ मारली, तेव्हा मी ताट सरकवून उठायचीच. पण ताटात वांग्याचं भरीत होतं, आणि भरतासमोर माझा राग टिकत नाही.

आई आमच्या अहिराणीत म्हणाली, "तुन्हा ठिपका पानीमा उतरतीन नई, ते मंग तुले मांडवमा उतरनं पडी."

धाकटा भाऊ फिसकन हसला. त्याचं स्वतःचं लग्न ठरलेलं, त्यामुळे त्याला जगात सगळंच गमतीचं वाटत होतं. मीही इरेला पेटले आणि म्हटलं, "कबूल! नाही उतरले तर तू म्हणशील तो मुलगा बघेन. उतरले तर मात्र हा विषय या घरात काढायचा नाही." आईने वरणाच्या पातेल्यावर हात ठेवून 'हो' म्हटलं. वरणाची शपथ आमच्याकडे फारशी कुणी मोडत नाही.

ठिपके हा घरातला शब्द. मी नंदुरबारच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि तिथल्याच संशोधन केंद्रात क्वांटम डॉट्सवर काम करते. हे डॉट म्हणजे इतके बारीक स्फटिक, की साध्या सूक्ष्मदर्शकालाही ते सापडत नाहीत. पण अंधारात बाटलीवर जांभळा टॉर्च मारला, की आतलं सगळं उजळून निघतं. कण लहान असले तर हिरवं, जरा मोठे असले तर लाल. हे शरीरातल्या पेशींपर्यंत पोचवले तर हवी ती पेशी उजेडाने दाखवता येईल, असा सगळा बेत. अडचण एवढीच, की ते जन्माला येतात कढत तेलात. अंगभर तेलकट केस घेऊनच बाहेर पडतात. आणि पेशीच्या आतबाहेर जिकडेतिकडे पाणीच पाणी! पाण्यात सोडले की ते एकमेकांच्या गळ्यात पडतात आणि गोळा होऊन तळाशी जाऊन बसतात. मग कसला उजेड आणि कसलं काय.

तर त्यांच्या अंगावर असं काहीतरी चढवायचं, की ते पाण्यात सुखाने राहतील आणि उजेडही विझणार नाही. माझं सगळं संशोधन ते हेच. ऐकायला किती सोपं आहे, नाही? चार वर्षं त्यात नाकी नऊ आले माझ्या.

पहिल्यांदा मी जो मार्ग धरला तो जुना आणि प्रसिद्ध. तेलकट केस उपटून काढायचे आणि त्या जागी गंधक असलेलं एक आम्ल चिकटवायचं. त्याचं एक टोक डॉटला घट्ट धरतं, दुसरं टोक पाण्याशी जमवून घेतं. सगळं खरं, पण ते आम्ल जे काही घाण मारतं! सडकी अंडी, लसूण आणि उंदीर मेलेला, असं एकत्र. एकदा त्याचे दोन थेंब माझ्या ओढणीवर पडले आणि मला पत्ताच नाही. घरी आले, ओढणी खुंटीला टांगली आणि अंघोळीला गेले. बाहेर येऊन बघते तर गल्ली रिकामी! शेजारच्या काकू ओट्यावरून ओरडताहेत, "गॅस गळी ऱ्हायना! बाहेर निंघा सम्दा!" आमच्या घरातलं सिलिंडर भावाने उचलून अंगणात नेऊन ठेवलेलं, शेजारच्यांचंही त्याच्या बाजूला. अहो, गॅस गळला तर कळावं म्हणून त्यात जे वासाचं घालतात, ते माझ्या आम्लाचं सख्खं चुलत भावंड. कुणाचं काय चुकलं त्यात? शेवटी भाऊ नाक दाबून माझ्याजवळ आला, एकदा हुंगला आणि म्हणाला, "ताई, तूच गळी ऱ्हायनी!"

ती ओढणी शेताच्या बांधावर पुरली. आणि एवढं करून डॉट पाण्यात गेले ते निम्मे विझून, आठवडाभरात गोळा झाले ते वेगळंच.

मग दुसरा मार्ग. केस उपटायचेच नाहीत. वरून एक पॉलिमर पांघरायचा, शालीसारखा. त्याची आतली बाजू तेलाला धरणारी, बाहेरची पाण्याला. डॉटला कळतही नाही की आपण पाण्यात आहोत. या कामात माझ्या जोडीला माझी मैत्रीण होती. ती खांडबाऱ्याकडची, रोज गाडीने येणारी, माझ्याच मार्गदर्शक सरांकडे पॉलिमरवर काम करणारी. ढवळताना चर्चमधल्या गाण्यांच्या चाली गुणगुणते. मी चिडले की तिचा आवाज थोडा वर चढतो, बस्स. तिने शाल विणायची आणि मी ती डॉटवर पांघरायची, अशी आमची वाटणी.

त्या हिवाळ्यात सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सर शांत माणूस. आवाज न चढवता ते अशी काही बातमी देतात, की ऐकणाऱ्याचं तोंडचं पाणी पळावं. म्हणाले, "मॅडम, संशोधनाची प्रगती तपासणारी समिती येते आहे. या वेळी पाण्यातला स्वच्छ, चमकणारा नमुना समोर ठेवावा लागेल. नाही ठेवला तर हा विषय ते बंद करतील. मी काही करू शकणार नाही." तारीख विचारली. भावाच्या लग्नानंतर तीनच दिवसांनी!

विषय बंद म्हणजे सगळं पहिल्यापासून. आणि आईची वरणावरची शपथ होतीच. मी बाहेर येऊन मैत्रिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग रडतेस काय? लग्नात नाचू आणि सकाळी काम करू." मी रडत नव्हते. चिडले होते. ती मुद्दाम तसं म्हणते.

हळदीच्या दिवशी मी तिलाही घरी ओढून आणलं. आमच्याकडची हळद म्हणजे बोट लावून मोकळं होणं नव्हे. परातभर हळद, त्यात तेल. नवरदेवाला लागून उरते ती मग दिसेल त्याला. मी करवली, म्हणजे पहिली शिकार मीच. मामीने माझे दोन्ही हात कोपरापर्यंत माखले. चुलत बहिणींनी मैत्रिणीला धरलं. ती "अगं, मी पाहुणी आहे!" म्हणून ओरडतेय आणि कुणी ऐकत नाही. डीजेवाल्याने आवाज असा सोडला की खिडकीच्या काचा थरथरत होत्या. आम्ही दोघी नाचलो, खूप नाचलो. वरण-बट्टी खाल्ली. समिती वगैरे काही आठवलं नाही, देवाशपथ.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी प्रयोगशाळेत. दुपारनंतर घरी मांडवातली कामं होती, त्यामुळे घाईच घाई. पॉलिमर आणि डॉट क्लोरोफॉर्ममध्ये एकत्र केले. ते उडून गेल्यावर उरलेलं पाण्यात ढवळलं. मग नळ्या यंत्रात घालून गरगर फिरवल्या, म्हणजे जे जमलं नाही ते तळाशी बसतं आणि जमलेलं वर पाण्यात राहतं. वरचं पाणी अलगद काढून बाटलीत घेतलं. काचेसारखं नितळ! मैत्रिणीने पडदा ओढला आणि मी टॉर्च मारला.

हिरवं! बाटलीभर हिरवा उजेड!

अगं बाई, काय किंचाळलो आम्ही. वरच्या मजल्यावरचे भौतिकशास्त्राचे दोघं धावत खाली आले, त्यांना वाटलं आग लागली. मी सरांना फोन केला. सर म्हणाले, "उत्तम. मी समितीला कळवतो." त्यांच्या तोंडून 'उत्तम' मी पहिल्यांदा ऐकलं. थोडा नमुना छोट्या बाटलीत घालून, तोंड पक्कं बंद करून मी आईला दाखवायला घरी घेऊन आले. आईने ओट्यावरच पदर खोचला. म्हणाली, "ती बाटली माले दे. देवपुढे ठेवसू." मी हजारदा बजावलं की उघडायची नाही, हात लावायचा नाही. तिने ती देव्हाऱ्यात, कुलदेवीच्या टाकाशेजारी नेऊन ठेवली.

आणि लग्नात भावाने काय करावं? वरात दारात आलेली, घोड्यावर बसलेला नवरदेव, त्याने डीजेवाल्याचा माइक हिसकावून घेतला आणि गावभर ऐकू जाईल असं ओरडला, "मन्ही ताईना ठिपका पानीमा उतरनात!" कुणाला काही कळलं नाही. पण आनंदाची बातमी दिसतेय म्हणून सगळे आणखी जोरात नाचले. नवी वहिनीसुद्धा मुंडावळ्यांतून माझ्याकडे बघून हसली.

लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही समितीची तयारी करायला बसलो. सरांचा एक नियम आहे, नुसता नमुना कधी दाखवायचा नाही. शेजारी रिकामा नमुना ठेवायचा, म्हणजे ज्यात डॉट नाहीत आणि बाकी सगळं तेच आहे असा. तो मैत्रिणीने हळदीनंतरच्या त्या सकाळीच माझ्याशेजारी बसून करून ठेवला होता. आनंदाच्या भरात त्यावर टॉर्च मारायचा राहिला होता. तो मारला.

तोही हिरवा.

मी टॉर्च बंद केला. पुन्हा लावला. हिरवाच. मैत्रीण गुणगुणायची थांबली, आणि ती थांबते म्हणजे काय, ते मला माहीत होतं. ती हळूच म्हणाली, "तुझी नखं बघ." माझी नखं टॉर्चच्या उजेडात हिरवी-पिवळी झळकत होती. तिचीही. मनगटाच्या रेषासुद्धा.

हळद! हळद या टॉर्चखाली चमकते, हे मी दरवर्षी पोरांना शिकवते. दरवर्षी! आणि माखलेल्या बोटांनी हातमोजे चढवताना ते पिवळं मोज्यांवर गेलं, मोज्यांवरून क्लोरोफॉर्मने अलगद धुऊन घेतलं, आणि आमच्या त्या गुणी पॉलिमरने हळदीला छान शालीत गुंडाळून पाण्यात नेऊन बसवलं. आणि माझे डॉट? ते तळाशी बसलेल्या गोळ्यात. तो गोळा मी स्वतःच्या हाताने टाकाऊ बाटलीत ओतला होता. बाटलीत चमकत होती ती भावाची हळद, आणि तिच्यापायी मी साऱ्या गावाला नाचवलं होतं.

मी स्टुलाला लाथ मारली. पाय दुखला, म्हणून आणखी चिडले. मग मैत्रिणीकडे बघितलं तर ती तोंडावर हात ठेवून हसतेय, डोळ्यांतून पाणी येतंय. मलाही हसू आवरेना. बराच वेळ आम्ही दोघी जमिनीवर बसून हसलो, आणि त्यातलं थोडं रडणंही होतं. समिती परवा येणार होती.

सरांना फोन केला. सगळं सांगितलं. मग सर म्हणाले, "हळद पाण्यात विरघळत नाही, मॅडम. तुम्ही तीही विरघळवलीत. पॉलिमर चांगला आहे, एवढं सिद्ध झालं. आता डॉट का बसले ते शोधा." आणि फोन ठेवला. समितीला पुन्हा कळवतो असं काही म्हणाले नाहीत. म्हणजे एक संधी होती.

पण आधी हात; लग्नाच्या दिवशीही मामीने त्यांना पुन्हा तेल-हळद चोळली होती. या हातांनी पुन्हा प्रयोगाला बसण्यात अर्थ नव्हता. घरी गेले, मोरीत बसले आणि साबण चोळला. पहिला फेस जागच्या जागी मेला, हात तसेच पिवळे. पुन्हा चोळला, थोडा फेस. मग बेसन लावलं, पुन्हा साबण, तेव्हा कुठे पाण्याला रंग यायला लागला. मी पुटपुटत होते की या तेलाने माझा अख्खा साबण खाल्ला, हळदीपर्यंत पोचूच दिला नाही. आणि माझा हात थांबला.

माझ्या डॉटचंही तेच झालं होतं! डॉट तेलात बनतात, मग ते पुन्हा पुन्हा धुऊन जास्तीचं तेल काढून टाकायचं असतं. लग्नाच्या घाईत मी ते एकदाच धुतले होते. बाकीचं मोकळं तेल तसंच राहिलं, आणि मैत्रिणीच्या शाली सगळ्या त्या तेलानेच लपेटून घेतल्या. डॉट बिचारे उघडे राहिले आणि तळाशी गेले. मी ओल्या हातांनीच फोन उचलला. मैत्रीण म्हणाली, "उद्या पहिल्या गाडीने येते. आणि या वेळी लाल घेऊ." बरोबर होतं तिचं. टॉर्चखाली हळद लाल चमकत नाही. फ्रिजमध्ये आधीच्या खेपेचे मोठे कण ठेवलेले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही हातमोज्यांवर हातमोजे चढवले. प्रत्येक जोडीवर टॉर्च मारून बघितला. डॉट धुतले, पुन्हा धुतले, आणखी एकदा धुतले, शेवटी मैत्रीण म्हणाली की आता त्यांची साल निघेल. पुढचं सगळं आधीसारखंच. दुपार झाली. नळ्या यंत्रातून काढल्या तेव्हा तळाशी नावाला काहीतरी होतं, आणि वरचं पाणी फिकट केशरी. पडदा ओढला. रिकाम्या नमुन्यावर टॉर्च मारला, तर अंधार, निव्वळ अंधार. मग दुसऱ्या बाटलीवर.

लाल. पथारीवर वाळत घातलेल्या मिरचीसारखं लालभडक.

या वेळी आम्ही किंचाळलो नाही. मैत्रिणीने मुकाट्याने त्यात मिठाचं पाणी घातलं, कारण शरीरातलं पाणी खारटच असतं, आणि तिथेच भल्याभल्या डॉटची दांडी गुल होते. वाट पाहिली. चहा पिऊन आलो. गोळा नाही, गढूळ नाही, तेच नितळ लाल. तिने माझा दंड इतका जोरात दाबला की वळ उठला. मी कुणाला फोन केला नाही. आईलासुद्धा नाही.

समिती आली. तिघं जण, पैकी एक बाहेरचे, भुवया कायम वर चढवून बसलेले. कॉलेजने त्यांना वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी जेवू घातली आणि मग ते प्रयोगशाळेत आले. मी बोलले, आकृत्या दाखवल्या. मग पडदा ओढला आणि लाल उजेड दाखवला. भुवयावाले म्हणाले, "हा उजेड डॉटचाच कशावरून? दुसरं काही मिसळलं नसेल कशावरून? तुमच्या सरांनी आम्हाला आधी एक हिरवा नमुना कळवला होता."

सर माझ्याकडे बघत होते. माझं डोकं, आश्चर्य म्हणजे, गार होतं. मी म्हटलं, "सर, तो हिरवा माझ्या भावाच्या हळदीचा होता," आणि झालं ते सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. मग मी म्हटलं, "हा लाल आहे. आणि हा रिकामा नमुना काळा. आता कृपा करून सगळ्यांनी हात पुढे करा." ते चमकले, पण त्यांनी हात पुढे केले. मी टॉर्च मारला. तिघांच्याही उजव्या हाताची बोटं नखांपाशी हिरवी-पिवळी झळाळली. वरणाची हळद! "इथे हिरवं काय काय असतं ते दिसतंय, सर," मी म्हटलं, "पण लाल कुणाच्याही हाताला नाही."

भुवयावालेच आधी हसायला लागले. आपली बोटं उलटीपालटी करून बघत होते, शेजाऱ्याला दाखवत होते. माझ्या हातातला टॉर्च त्यांनी स्वतः घेतला आणि शेजाऱ्याला देऊन आपल्या मिशीवर मारून बघायला सांगितलं. मिशीलाही थोडी लागली होती. जाताना कागदावर सही करत म्हणाले, "विषय चालू ठेवा. पेशींवरचं काम सुरू करा." बाहेर मैत्रीण जिन्यात उभी होती. मी तिला सांगितलं, आणि तिने वरच्या पट्टीत गाणंच सुरू केलं. सर बाजूने गेले, ऐकलं आणि दुसऱ्यांदा म्हणाले, "उत्तम."

घरी आले ती लाल बाटली घेऊनच. आईला सगळं सांगितलं, खोट्या हिरव्या बाटलीसकट, आणि ती परत घ्यायला देव्हाऱ्याकडे वळले. आई आडवी आली. "देवले वाहेल परत लेस का कोनी?"

"अगं माय, त्यात माझं काहीच नाही! नुसती हळद आहे ती!"

"मंग काय व्हयनं?" ती म्हणाली. तिने माझ्या हातातून लाल बाटली काढून घेतली आणि हिरवीच्या शेजारी उभी केली. मग सवयीने हळदीच्या करंड्यात अंगठा बुडवला. मी ओरडले, "हळद नको! हळद नको लावू तिला!" आईचा अंगठा हवेतच थांबला. वहिनी दारात उभी होती, ती पोट धरून हसायला लागली. शेवटी आईने दुसऱ्या हाताने बाटलीच्या झाकणाला नुसतं कुंकू टेकवलं.

मग हिरव्या बाटलीकडे बोट दाखवून म्हणाली, "ती तुन्हा भाऊनी हळद." लालकडे बघितलं आणि जरा थांबली. "हाई तुन्ही."

माझे डोळे भरून आले, ते लपवायला मी देवघराचं दार लोटलं, अंधार केला आणि टॉर्च लावला. हिरवी आणि लाल, दोन्ही बाटल्या देवांमध्ये उजळल्या. आई त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती आपला तो हवेत राहिलेला अंगठा डोळ्यांजवळ धरून, फिरवून फिरवून बघत होती.

"माय वं," ती म्हणाली, "मी बी चमकी ऱ्हायनी!"